कॅमेरा कुणाच्या खांद्यावर?



दुबईतली बुर्ज खलिफा ही जगातली सगळ्यात उंच इमारत. ८२८ मीटर. तिच्या काचेला बाहेरून चिकटलेला टॉम क्रूझ तुम्ही बघितलाय. 'मिशन इम्पॉसिबल'चा चौथा भाग, साल २०११. मी तेव्हा शाळेत होतो. वस्तीत एकाच्या घरी केबलवर लागला होता. आम्ही पंधरा-वीस पोरं दारात, खिडकीत, एकमेकांच्या पाठीवर. हिरोचा हात सटकला की सगळ्यांच्या पोटात गोळा. वर आभाळ, खाली वाळवंट, मधे एक माणूस.

त्याच काचेवर आजही माणसं लटकतात. हिरो नव्हे. फडकं, पाणी आणि दोर घेऊन. अख्ख्या बुर्जाच्या काचा एकदा पुसून काढायला काही महिने जातात, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या पायाखालीही तेवढंच वाळवंट. त्यांच्यासाठी कुणाच्या पोटात गोळा येतो?

माझा मावसभाऊ दुबईत शटरिंगचा सुतार आहे. सहावं वर्ष. दहावी नापास, म्हणून त्याच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शिक्का. मी मॅट्रिक पास, म्हणून तो शिक्का मला लागत नाही, तरी मी इथंच गोदीत बोजे ओढतो. असो. मागं एका रात्री त्यानं फोनवर आवाज पाठवला. म्हणाला, "भाऊ, आज रस्त्यात शूटिंग होतं. साइटवरनं परत येणारी आमची बस दीड तास अडवून ठेवली. हिरो गाडीतनं उतरतो, एवढाच सीन. सात-आठ वेळा उतरला. आम्हाला मात्र उतरायची बंदी. का, तर म्हणे, तुम्ही फ्रेममध्ये येता."

हे तो हसत सांगत होता. त्या हसण्यावर मला लिहायचंय.

फ्रेममध्ये येता! म्हणजे इमारत फ्रेममध्ये चालते. रस्ता, पूल, मॉल, फवारा, हॉटेलची कमान, सगळं चालतं. ज्यानं ते बांधलं तो आला की फ्रेम बिघडते. वाळूतून शहर उभं करणारा हात पडद्यावर दिसला की पडद्याला डाग पडतो. दुबईच्या सिनेमाबद्दल मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. बाकी सगळा त्याचा पुरावा.

आता कुणी म्हणेल, सिनेमा ही करमणूक, त्यात मजूर कशाला घुसवतोस? अरे, मी नाही घुसवत. तो तिथंच आहे. त्या देशात दर दहा माणसांमागं जवळपास नऊ परदेशी. त्यात एकट्या हिंदुस्थानातले पस्तीस लाखांहून जास्त. तो शहराच्या कोपऱ्यात कुठं सापडतो असं नाही, शहर त्याच्याच खांद्यावर आहे. अशा शहराचा सिनेमा काढायचा आणि हा माणूस दिसू द्यायचा नाही, याला मेहनत लागते. रस्ते बंद करावे लागतात. बसगाड्या अडवाव्या लागतात.

हिंदी पिच्चरची दुबई घ्या. 'वेलकम', २००७. आपला नाना पाटेकर तिथला भाई. घोडे, बंगले, बोटी. 'हॅपी न्यू इयर', २०१४. पाम बेटावरचं आलिशान हॉटेल, हिऱ्यांची चोरी, नाचाची स्पर्धा. हिंदी सिनेमाला दुबई म्हणजे भाई, सोनं, मॉल आणि हनिमून. मुंबईतून रोज विमानं भरून कामगार तिकडं जातात, पण कॅमेरा त्याच विमानात पुढच्या सीटवर बसतो आणि उतरला की दुसऱ्या दारानं बाहेर पडतो.

दुबईच्या राज्यकर्त्यांना सिनेमा कळत नाही असं समजू नका. पक्का कळतो. २००५ साली त्यांनी स्टुडिओ सिटी जाहीर केली. २०१२ साली फिल्म-टीव्ही कमिशन काढलं. शेजारची अबूधाबी तर शूटिंगला येणाऱ्या कंपनीला तिच्या खर्चातला तीस टक्क्यांहून जास्त पैसा परत देते. परवानगीसाठी आधी पटकथा दाखवावी लागते. पटली तर रस्ता मोकळा, पोलीस हजर, आभाळात हेलिकॉप्टर. नाही पटली तर जा दुसरीकडं. 'सेक्स अँड द सिटी २' या हॉलीवूडच्या पिच्चरची गोष्ट अबूधाबीत घडते. तिकडं परवानगी मिळाली नाही, म्हणून २०१० सालचा तो पिच्चर मोरोक्कोच्या वाळूत काढला. म्हणजे शहर स्वतःला भाड्यानं देतं, पण चेहऱ्याची कोणती बाजू दाखवायची हे स्वतः ठरवतं. नवरी बघायला आल्यावर घरातलं फुटकं भांडं आत सरकवावं, तसा माणूस सरकवतात.

मग कोणती गोष्ट पडद्यावर येत नाही? एक सांगतो. मार्च २००६. बुर्ज तेव्हा अर्धाही झाला नव्हता. पाळी संपली, घरी न्यायच्या बसगाड्या वेळेवर आल्या नाहीत, आणि त्या साइटवरचे सुमारे अडीच हजार कामगार भडकले. गाड्या फोडल्या, ऑफिसं फोडली. दुसऱ्या दिवशी काम बंद. विमानतळाच्या बांधकामावरच्या कामगारांनीही काम थांबवलं. बस हे निमित्त. खरा राग पगाराचा आणि वागणुकीचा. तेव्हाच्या बातम्यांत आकडे आले होते. कसलेल्या सुताराला दिवसाला साडेसात डॉलरच्या आसपास, साध्या मजुराला चार. युनियन काढायला तिथं बंदी, संपाला बंदी. तरी अडीच हजार माणसं उठली. साल्या, याच्याइतका थरार कोणत्या मिशनमध्ये आहे? मोठ्या पडद्याला यात काय कमी पडलं? गर्दी आहे, रात्र आहे, जगातली उंच इमारत मागं उभी आहे. फक्त हिरो एक नाही, अडीच हजार आहेत. आणि त्यांना उतरायची बंदी आहे.

आता सोनापूर. आपल्या मुंबईत सोनापूर म्हणजे मसणवटा. "त्याला सोनापूरला पोचवला" म्हटलं की म्हातारी माणसं पदर तोंडाला लावतात. दुबईतही एक सोनापूर आहे. सरकारी नकाशावर तिचं नाव मुहैस्ना. कामगारांच्या तोंडात सोनापूर, सोन्याचं गाव. तिथं हजारो कामगारांच्या छावण्या. एका खोलीत वर-खाली पलंग, पहाटे बसच्या रांगा. मावसभावानं पहिल्यांदा पत्ता सांगितला तेव्हा माझी आई रडायलाच लागली. तिला वाटलं पोरगं मसणवटीत राहतं. आपल्याला गावकूस काय असतं ते कुणी समजावून सांगायला नको. गाव वापरायचं, गाव झाडायचं, आणि रात्री गावाबाहेर झोपायचं. दुबईचं गावकूस म्हणजे सोनापूर. सकाळी शहरात जायचं ते बांधायला, संध्याकाळी बाहेर.

या गावकुसापलीकडं कॅमेरा कधी गेलाच नाही असं मी म्हणणार नाही. खोटं बोलून आपली बाजू भक्कम होत नाही. महमूद काबूर या लेबनानी दिग्दर्शकानं 'चॅम्प ऑफ द कॅम्प' नावाची डॉक्युमेंटरी केली. २०१३ साली दुबईच्याच फेस्टिव्हलात दाखवली. कामगारांच्या छावण्यांमध्ये हिंदी सिनेमाच्या गाण्यांची आणि फिल्मी प्रश्नांची स्पर्धा होते, तिच्यावर. दिवसभर सळया बांधणारा माणूस रात्री गातो. पलंगाच्या कडेला बसून घरी फोन करतो. पैसे घरी पाठवायची सोय करणारी कंपनी त्या स्पर्धेची प्रायोजक. ज्यांच्या घामाच्या पैशावर कमिशन, त्यांच्याच गळ्यातून जाहिरात. तरी ती फिल्म बघा. गाणारा माणूस तिथं नाव घेऊन उभा आहे. नंबर नाही, हेल्मेट नाही, माणूस. पण मला एक प्रश्न पडतो. त्यानं गायलं म्हणून कॅमेरा आत गेला. तो गात नसता तर? नुसता दमून झोपला असता तर? आपल्या बापजाद्यांनाही ढोलकी वाजवली तेवढा वेळच चावडीवर उभं केलं होतं. वाजवणं संपलं की पुन्हा वेशीबाहेर. कला करून दाखवली तरच माणूस, हा सौदा आपल्याला जुना माहीत आहे.

दुबईतल्याच एका पोरानं मोठा पिच्चरही केला. अली मुस्तफा. 'सिटी ऑफ लाइफ'. २००९ च्या डिसेंबरात फेस्टिव्हलला दाखवला, २०१० मध्ये थेटरात. त्यात तीन धागे. श्रीमंत अमिराती पोरगा, रुमानियाची विमानातली पोरगी, आणि बसू नावाचा हिंदुस्थानी टॅक्सीवाला. बसू हुबेहूब एका हिंदी सिनेमाच्या स्टारसारखा दिसतो आणि स्वतः नट व्हायचं स्वप्न बघतो. हा बसू झालाय सोनू सूद. त्या शहराच्या माणसानं आपल्या टॅक्सीवाल्याला गोष्टीचा तिसरा हिस्सा दिला, ही लहान गोष्ट नाही. मी तिला सलाम करतो. पण टॅक्सीवाला नुसता टॅक्सीवाला म्हणून चालला नाही बरं का. स्टारसारखा चेहरा लागला. आणि हाच सोनू सूद २०२० साली, लॉकडाऊनमध्ये, मुंबईतून पायी निघालेल्या मजुरांना बसगाड्या करून देत होता. तेव्हा मजूर टीव्हीवर दिसले. पायाचे फोड दिसले. त्या वेळी शहर रिकामं होत होतं म्हणून दिसले. शहर भरलेलं असतं तेव्हा ते दिसत नाहीत.

खरं काम केलंय मल्याळी माणसानं. हे आपण मान खाली घालून कबूल करू. 'अरबिक्कथा', २००७. केरळातला एक कट्टर कम्युनिस्ट दुबईत मजूर होऊन जातो. 'पत्तेमारी', २०१५. मामुट्टीचा नारायणन गलबतातून लपून जातो, किनाऱ्यापर्यंत पोहत जातो, जन्मभर घरी पैसे पाठवतो, आणि शेवटी घरी येतं ते त्याचं प्रेत. यात बुर्ज नाही. यात खोली आहे, पत्र आहे, आणि घरच्यांच्या वाढत जाणाऱ्या मागण्या आहेत. हे पिच्चर का निघाले? केरळात घराघरातनं माणूस गेला, आणि त्या घरांतलीच माणसं लिहायला, कॅमेरा धरायला आली म्हणून. दुबईनं दिलेली ती भेट नाही.

आणि आपण? रत्नागिरी, रायगडातून किती गेले! गावात मातीच्या भिंतीजागी स्लॅब आला, त्यावर टाकी आली, टाकीवर विमान रंगवलं. पण मराठी पडद्यावर तो आखातातला माणूस मला भेटला नाही. मराठी सिनेमाला वाडा सापडतो, पुण्यातली गॅलरी सापडते, परदेशातली सहलसुद्धा सापडते. वर्षानुवर्षं लेबर कॅम्पच्या खोलीत पोळ्या लाटणारा कोकणातला माणूस सापडत नाही. मग दुबईच्या शेखाला एकट्याला शिव्या घालून काय उपयोग? फ्रेम आपल्याकडचीही तशीच आहे.

गोदीचंच बघा ना. दुबईची खाडी आणि मुंबईची गोदी यांचं नातं आजचं नाही. तिकडं एके काळी आपलाच रुपया चालायचा. १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळी नोट छापली, ती दुबईत १९६६ पर्यंत चालली. मग सोन्याचा धंदा. सोने नियंत्रण कायदा १९९० मध्ये उठेपर्यंत दुबईच्या खाडीतून गलबतं भरून चोरटं सोनं आपल्या किनाऱ्याला लागायचं. त्यावर १९७५ साली 'दीवार' आला. अमिताभ गोदी कामगार, बिल्ला ७८६ चा. गोदीतले म्हातारे अजून सांगतात तो पिच्चर. मी त्यांना विचारतो, बाबा, त्यात तुम्ही कुठं होतात? हिरो पहिल्या तासात हमाल, मग कोट घालून गाडीत. गोदी मागं सुटली ती सुटलीच. ज्यांनी कोट घातला नाही, ज्यांची पाठ पन्नाशीत मोडली, ते पिच्चरमध्ये गर्दी म्हणून उभे. आज न्हावा-शेवाला दुबईचीच कंपनी टर्मिनल चालवते. म्हणजे आता मालक इकडं आला, मजूर तिकडं गेला. समुद्र तोच, आणि बोजाही तोच.

म्हणून मी नुसत्या दयेचा सिनेमा मागत नाही. तो तर सगळ्यात घाण. रडका व्हायोलिन, फाटका बनियन, आणि थेटरातून बाहेर पडलेल्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी. आमच्या दुःखाचं तिकीट लावून कुणी पोट भरू नये. मावसभाऊ रडत नव्हता, हसत होता. हिरो सात वेळा गाडीतून उतरतो आणि आम्हाला एकदा उतरता येत नाही, यातला विनोद त्याला कळला होता. ही नजर ज्या कॅमेऱ्यात असेल तो सिनेमा मला पाहिजे.

दुबईत सिनेमावर खरं प्रेम करणारी माणसंही आहेत. ती विसरून चालणार नाही. नुजूम अल-घानेम ही तिथलीच कवयित्री, फिल्म करते. उंटांच्या सौंदर्यस्पर्धेत पुरुषांच्या गर्दीत उतरलेल्या एका अमिराती बाईवर तिनं २०१४ साली 'निअरबाय स्काय' केली. कवीनं कॅमेरा धरला की काय होतं ते तिथं दिसतं. अल कूझ नावाच्या गोदामांच्या भागात सिनेमा अकील हे छोटं थेटर २०१८ पासून कायमचं उभं आहे. मॉलमध्ये न लागणारे जगभरचे पिच्चर तिथं लावतात. त्याच अल कूझमध्ये कामगारांच्या छावण्याही आहेत. थेटर आणि छावणी, एकाच धुळीत. मधलं अंतर चालत जाण्याइतकं, पण तिकीट, सुट्टी आणि अंगावरचे कपडे मधे आडवे पडतात.

आणि वरून आणलेल्या झगमगाटाचं काय झालं? दुबईचा आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल २००४ साली सुरू झाला. लाल गालिचा, जगभरचे स्टार. २०११ ला उघडला तो 'मिशन इम्पॉसिबल'नंच. २०१७ नंतर तो पुन्हा भरला नाही. २०१६ साली बॉलीवूड पार्क उघडला. 'शोले' आणि 'लगान' यांचे खेळ-पाळणे. शेतसाऱ्यानं पिचलेलं गाव, त्याची करमणूक, दाराशी तिकीट! २०२३ साली तोही बंद. फेस्टिव्हल गेला, पार्क गेला. सोनापूरच्या बसगाड्या मात्र एक दिवस चुकल्या नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, कामगारानं स्वतःच शूट करावं. एवढं सोपं नाही. तिथं परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो-व्हिडिओ काढणं, पसरवणं गुन्हा आहे. २०२१ च्या सायबर कायद्यात तुरुंग आणि जबर दंड दोन्ही आहे. इथं बसून "भावा, सगळं रेकॉर्ड कर" असं सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या पोराला विहिरीत ढकलणं. मी तसं सांगणार नाही.

पण जे परत आलेत ते आपल्यात आहेत. त्यांच्यावर तिकडचा कायदा नाही, मुकादम नाही. फक्त त्यांना कुणी विचारत नाही. गावात ते साखरपुड्याला घड्याळ दाखवतात आणि गप्प बसतात. त्यांच्यापाशी बसा. वही काढा. पहिल्या रात्री खोलीत काय झालं? पासपोर्ट कुणाकडं होता? एजंटानं किती घेतले? कायद्यानं एजंटाला तीस हजार रुपये आणि वर कर, एवढंच घेता येतं. तुमच्याकडून किती उकळले? शूटिंग बघितलं का, आणि कुठून, दोरीच्या अलीकडून की पलीकडून? हे लिहा. आपली पोरं लग्नाची शूटिंग करतात, त्यांच्याकडं चांगला कॅमेरा आहे. एक खोली घ्या, वर-खाली आठ पलंग टाका. परत आलेला माणूसच त्यात बसेल. दुबई उभी करायला बुर्ज लागत नाही.

हे मी घाईनं का लिहितोय ते सांगतो. माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा. त्याचा पासपोर्ट गेल्या महिन्यात आला. रात्री चादरीत तोंड घालून फोनवर दुबई बघतो. फवारे, गाड्या, हिरो गाडीतून उतरतो. त्यानं जाऊ नये असं मी म्हणत नाही. घरात चूल आहे, आणि इथल्या गोदीत मी त्याला काय देणार? जाणाऱ्याला कुणी अडवू नये. पण त्यानं बघितलेल्या दुबईत त्याची जागाच नाही, आणि हे त्याला कुणी दाखवलेलं नाही.

येत्या रविवारी वस्तीत चादर बांधतोय. 'पत्तेमारी' लावणार, मग 'चॅम्प ऑफ द कॅम्प'. मधे मावसभावाचा तो आवाज ऐकवणार. त्याला विचारलंय, तो हो म्हणाला. म्हणाला, "ऐकव, पण माझं हसणं कापू नकोस." एजंटाच्या कागदावर सही सोमवारी आहे. त्याआधी धाकटा हे बघेल, आणि मग स्वतः ठरवेल.

तुमच्या वस्तीतही कुणाचा तरी सोमवार जवळ आलाय. चादर शोधा.